व्हीएस कोडमध्ये डीबगर ब्रेकपॉइंटवर थांबतच नाही? कारण कुठे आणि कसं शोधायचं

ओळीसमोर लाल ठिपका, म्हणजे ‘प्रोग्रॅम इथे थांबव’ असं सांगणारा ब्रेकपॉइंट, आहे. एफ ५ दाबलं, तळाच्या पट्टीचा रंग बदलला, टर्मिनलमध्ये आउटपुट भराभर येऊ लागलं, आणि प्रोग्रॅम त्या ओळीवर क्षणभरही न रेंगाळता शेवटपर्यंत जाऊन संपला. व्हीएस कोड वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव पुनःपुन्हा येतो. मग एडिटर बंद करून उघडायचा, एक्स्टेन्शन काढून परत टाकायचं, ठिपका पुसून पुन्हा लावायचा, आणि शेवटी कंटाळून कोडमध्ये जागोजागी प्रिंट टाकत बसायचं. कधी कधी या खटपटीत काहीतरी जुळून येतं आणि डीबगर थांबतो. पण तो का थांबला हे कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या प्रोजेक्टमध्ये तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

सेटिंगला हात लावण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली आहे ते शोधा, एवढंच माझं सांगणं आहे. त्याला थोडाच वेळ लागतो, आणि जागा सापडली की उपाय बऱ्याचदा एका ओळीचा निघतो. उलट जागा न शोधता सेटिंग बदलत गेलात तर मूळ चूक राहते बाजूला आणि वर नव्या दोन चुका येऊन बसतात.

लाल ठिपका म्हणजे नुसती विनंती

ब्रेकपॉइंट लावताना एडिटरकडे मुख्यतः दोनच गोष्टी असतात: फाइलचा पूर्ण पाथ आणि ओळीचा क्रमांक. व्हीएस कोडला स्वतःला पायथन किंवा सी++ चा प्रोग्रॅम थांबवता येत नाही. ते काम भाषेच्या एक्स्टेन्शनमधला डीबग अ‍ॅडॅप्टर करतो, आणि दोघांमधली देवाणघेवाण डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉलच्या ठरलेल्या नियमांनी चालते. एडिटर सांगतो, या पाथवरच्या फाइलमध्ये ४२ व्या ओळीवर थांबायचं आहे. अ‍ॅडॅप्टर प्रत्येक ठिपक्यासाठी ‘व्हेरिफाइड’ खरं की खोटं हे कळवतो, जमलं तर कारणाचा संदेशही देतो, आणि कधी कधी ‘४२ वर थांबता येणार नाही, ४४ वर थांबतो’ असंही सांगतो. ठिपका आपोआप खाली सरकलेला दिसतो तो यामुळे.

त्यापुढे भाषा जशी असेल तसं. सी किंवा सी++ मध्ये, एक्स८६ प्रोसेसरवर, डीबगर त्या ओळीच्या मशीन कोडचा पहिला बाइट बाजूला काढून ठेवतो आणि त्याच्या जागी हेक्समधला सीसी हा बाइट लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो आणि डीबगरला हाक जाते. पायथनमध्ये इंटरप्रीटर प्रत्येक ओळ चालवताना डीबगरच्या ट्रेस फंक्शनला विचारतो, आणि ते फंक्शन फाइलचं नाव व ओळ ताडून बघतं. पायथन ३.१२ मध्ये यासाठी सिस.मॉनिटरिंग हा जास्त हलका मार्गही आला. नोडमध्ये आणि क्रोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनाला स्क्रिप्टचा पत्ता आणि ओळ दिली जाते.

एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. तुमच्या एडिटरमधला पाथ आणि ओळ, आणि प्रत्यक्ष चाललेल्या प्रोग्रॅमला माहीत असलेला पाथ आणि ओळ, यांचा मेळ बसला पाहिजे. आणि मेळ बसवणारा डीबगर त्याच प्रोसेसला जोडलेला पाहिजे. म्हणून प्रश्न तीनच उरतात. ज्या प्रोसेसमध्ये ही ओळ चालते तिथे डीबगर आहे का? असेल तर त्याला ही ओळ ओळखू येते का? ओळखू येत असेल तर प्रोग्रॅम त्या ओळीवर खरंच येतो का?

ठिपक्याचा रंग सेशन चालू असताना बघा

सेशन सुरू होण्याआधी सगळे ठिपके लालच असतात, कारण तोवर अ‍ॅडॅप्टरला कुणी काही विचारलेलंच नसतं. त्यामुळे तेव्हाच्या लाल रंगाला काही अर्थ नाही. प्रोग्रॅम लगेच संपत असेल तर सुरुवातीला काही सेकंदांची झोप टाका किंवा ‘सुरुवातीलाच थांब’ हा पर्याय चालू करा (पायथन आणि नोडच्या कॉन्फिगरेशनमध्ये तो ‘स्टॉपऑनएन्ट्री’ या नावाने आहे), आणि मग ठिपक्याकडे बघा.

सेशन चालू असताना ठिपका भरीव लाल असेल तर डीबगरने ओळ मान्य केली आहे. थांबत नसेल तर ओळीवर कुणी येत नाही, किंवा ठिपक्याला लावलेली अट पुरी होत नाही. ठिपका राखाडी आणि पोकळ झाला असेल तर अ‍ॅडॅप्टरने तो स्वीकारलेला नाही. त्यावर माउस नेऊन जरा थांबा. जो संदेश दिसतो तो पुष्कळ जण वाचतच नाहीत, आणि अनेकदा कारण तिथेच लिहिलेलं असतं. पायथनमध्ये ‘ही फाइल फिल्टरमुळे वगळली आहे’ किंवा ‘अशी फाइलच अस्तित्वात नाही’, सी++ मध्ये ‘या फाइलसाठी सिम्बॉल लोड झालेले नाहीत’, जावास्क्रिप्टमध्ये ‘अनबाउंड ब्रेकपॉइंट’, अशा अर्थाचा मजकूर येतो.

यात एक अपवाद आहे. ज्या फाइलचा कोड अजून लोडच झालेला नाही, म्हणजे नंतर इम्पोर्ट होणारं नोडचं मॉड्यूल किंवा नंतर उघडली जाणारी शेअर्ड लायब्ररी, तिथला ठिपका सुरुवातीला राखाडी असणं स्वाभाविक आहे. कोड लोड झाला की तो लाल होतो. लोड होऊनही राखाडीच राहिला तरच काळजी करा.

सगळ्या फाइलींमधले सगळे ठिपके एकदम राखाडी दिसत असतील तर आधी ब्रेकपॉइंट्सच्या पॅनेलमध्ये वरचं ‘सगळे ब्रेकपॉइंट निष्क्रिय करा’ हे बटण चुकून दाबलं गेलं आहे का ते बघा. आणि ठिपक्याऐवजी चौकट म्हणजे डायमंडचा आकार दिसत असेल तर तो लॉगपॉइंट आहे. तो फक्त संदेश छापतो. थांबणं त्याचं काम नाही.

हाताने लिहिलेला थांबा

रंगावरून उलगडा झाला नाही तर ही चाचणी करा. माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे. अडलेल्या ओळीच्या अगदी वर कोडमध्येच थांबण्याची आज्ञा लिहा. पायथनमध्ये ‘ब्रेकपॉइंट’ नावाचं अंगभूत फंक्शन ३.७ पासून आहे. ते रिकाम्या कंसासह बोलवायचं. जावास्क्रिप्टमध्ये ‘डीबगर’ हे एकच शब्दाचं विधान आहे. विंडोजवरच्या सी++ मध्ये डीबगब्रेकचं अंगभूत फंक्शन आहे, आणि लिनक्सवर सिगट्रॅप हा सिग्नल उठवता येतो. अशा आज्ञेला पाथचा किंवा ओळीचा मेळ लागत नाही. प्रोग्रॅम तिथे आला आणि डीबगर जोडलेला असला की थांबायलाच हवं.

आता काय होतं ते नीट बघा.

एडिटर थांबला, तर डीबगर जोडलेला आहे आणि ओळही चालते आहे. अडचण फक्त ओळखीची आहे. थांबल्यावर जो टॅब उघडला त्याच्यावर माउस नेऊन फाइलचा पूर्ण पाथ वाचा. तुम्ही ज्या फाइलमध्ये ठिपका लावला तीच ही फाइल आहे का? वेगळ्या फोल्डरमधली त्याच नावाची दुसरी प्रत उघडली असेल, किंवा एडिटरने ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून भलतीच फाइल दाखवली असेल, तर चोर सापडला.

पायथनमध्ये एडिटर थांबला नाही, पण टर्मिनलमध्ये ‘पीडीबी’चा (पायथनच्या अंगभूत डीबगरचा) प्रॉम्प्ट येऊन प्रोग्रॅम अडकून बसला, तर ओळ चालते पण त्या प्रोसेसमध्ये व्हीएस कोडचा डीबगर नाही.

काहीच झालं नाही, तर त्याच जागी एक साधं प्रिंट टाका. जावास्क्रिप्टमध्ये तर ते टाकाच, कारण डीबगर जोडलेला नसेल तर ‘डीबगर’ हे विधान काहीही न करता पुढे जातं. प्रिंट उमटलं तर डीबगर जोडलेला नाही. प्रिंटही उमटलं नाही, तर ती ओळ चाललीच नाही, किंवा तुम्ही बदलताय ती फाइल एक आणि चालतेय ती दुसरी.

डीबगर त्या प्रोसेसमध्ये नाहीच

सर्वात सोपं कारण आधी. कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबलं की प्रोग्रॅम डीबगरशिवाय चालतो, आणि तेव्हा ब्रेकपॉइंटचा प्रश्नच येत नाही. उजवीकडे वरच्या त्रिकोणाच्या बटणावरही ‘चालवा’ आणि ‘डीबग करा’ असे दोन वेगळे पर्याय असतात, आणि शेवटचा निवडलेला पर्याय तिथे टिकून राहतो. तेवढं बघून पुढे जा.

खरा गुंता एका प्रोसेसमधून दुसरी प्रोसेस सुरू होते तेव्हा होतो. वेब सर्व्हर कोड बदलला की स्वतःला पुन्हा सुरू करतात. जँगोचा रनसर्व्हर किंवा फ्लास्कचा रीलोडर एक प्रोसेस फक्त फाइलींवर लक्ष ठेवायला ठेवतो आणि खरं काम दुसऱ्या, पोटच्या प्रोसेसमध्ये करतो. तुम्ही डीबगर जोडलात पहिलीला आणि विनंत्या येतात दुसरीकडे. डीबगपाय, म्हणजे व्हीएस कोड पायथनसाठी वापरतो तो डीबगर, पोटच्या प्रोसेसमध्ये आपोआप शिरायचा प्रयत्न करतो (‘सबप्रोसेस’ हे सेटिंग मुळातच चालू असतं), पण तुम्ही कोडमध्ये स्वतः ‘लिसन’ लिहून ५६७८ पोर्ट उघडत असाल तर दोन्ही प्रोसेस त्याच पोर्टसाठी भांडतात. तिथे रीलोड बंद करणं हा सरळ मार्ग: जँगोला ‘नोरीलोड’ आणि फ्लास्कला ‘नो-रीलोड’ हा पर्याय द्या. रीलोड हवाच असेल तर पोर्ट फक्त पोटच्या प्रोसेसमध्ये उघडा. जँगो तिच्यात ‘रन_मेन’ आणि वर्कझ्यूग (फ्लास्कच्या खालची लायब्ररी) ‘वर्कझ्यूग_रन_मेन’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल ‘ट्रू’ करतं, त्यावरून ओळखता येतं. अनेक वर्कर असलेला सर्व्हर असेल तर डीबग करताना वर्कर एकच ठेवा.

सी++ मध्ये प्रोग्रॅम फोर्क करत असेल, म्हणजे स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करत असेल, तर जीडीबी हा डीबगर मुळात आईच्या मागे राहतो आणि लेकराला सोडून देतो. ‘फॉलो-फोर्क-मोड’ला ‘चाइल्ड’ द्या. नोडसाठी कॉन्फिगरेशन लिहायचा कंटाळा असेल तर व्हीएस कोडमधलं ‘जावास्क्रिप्ट डीबग टर्मिनल’ उघडून त्यात नेहमीची आज्ञा चालवा. तिथून सुरू झालेल्या नोडच्या प्रोसेसना डीबगर आपसूक जोडला जातो.

चालू प्रोग्रॅमला नंतर जाऊन जोडत असाल तर वेळेचाही प्रश्न असतो. सुरुवातीला एकदाच चालणारा कोड, उदाहरणार्थ कॉन्फिगरेशन वाचणं, तुम्ही जोडेपर्यंत होऊन गेलेला असतो. त्यासाठी प्रोग्रॅमला वाट बघायला लावता येतं: नोडला नुसत्या ‘इन्स्पेक्ट’ऐवजी ‘इन्स्पेक्ट-बीआरके’ (पोर्ट ९२२९), जावाला ‘सस्पेंड’ची किंमत ‘वाय’, पायथनमध्ये डीबगपायचं ‘वेट_फॉर_क्लायंट’.

पायथनच्या टेस्टसाठी एक वेगळी अडचण सांगायलाच हवी, कारण ती ओळखू येत नाही. टेस्ट चालते, पास होते, पण ब्रेकपॉइंटवर थांबत नाही. पायटेस्टसोबत कव्हरेजचा प्लगइन लावलेला असेल तर तोही ओळी मोजायला तीच ट्रेसची यंत्रणा वापरतो, आणि डीबगरची जागा हिसकावली जाते. डीबग करताना पायटेस्टला ‘नो-कव्ह’ हा पर्याय द्या. जे थ्रेड पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलमधून न येता एखाद्या सी++ लायब्ररीतून सुरू होतात, जसे क्यूटीचे थ्रेड, त्यांचंही तसंच. ट्रेस फंक्शन प्रत्येक थ्रेडला वेगळं लागतं, म्हणून थ्रेडच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत डीबगपायचं ‘डीबग_धिस_थ्रेड’ बोलवावं लागतं.

पाथ जुळत नाही: इथे सर्वात जास्त वेळ जातो

कोड कंटेनरमध्ये किंवा दूरच्या मशीनवर चालत असेल तर एकाच फाइलचे दोन पाथ असतात. तुमच्या मशीनवर समजा /होम/देव/दुकान/सोर्स/बिल.पीवाय, आणि कंटेनरमध्ये /अ‍ॅप/बिल.पीवाय. हा संबंध डीबगरला सांगण्यासाठी लाँच.जेसनमध्ये (डीबगचं कॉन्फिगरेशन असलेल्या फाइलमध्ये) ‘पाथमॅपिंग्ज’ असतात: ‘लोकलरूट’ म्हणजे इकडचं फोल्डर, ‘रिमोटरूट’ म्हणजे तिकडचं.

चूक बहुधा अशी होते. लोक लोकलरूटला वर्कस्पेसचं मूळ फोल्डर देतात आणि रिमोटरूटला /अ‍ॅप. दिसायला बरोबर. पण डॉकरफाइलमध्ये कॉपी करताना ‘सोर्स’ या आतल्या फोल्डरमधला मजकूर /अ‍ॅप मध्ये टाकलेला असतो. आता डीबगर हिशेब करतो: इकडचं /होम/देव/दुकान काढलं, उरलं सोर्स/बिल.पीवाय, त्याला तिकडचं /अ‍ॅप लावलं, झालं /अ‍ॅप/सोर्स/बिल.पीवाय. कंटेनरमध्ये ही फाइलच नाही. ठिपका राखाडी होतो, संदेश येतो की फाइल अस्तित्वात नाही, आणि आपण म्हणतो, अहो, फाइल तर समोर उघडी आहे! लोकलरूटच्या शेवटी ‘/सोर्स’ जोडलं की काम फत्ते.

अंदाजाने पाथ लिहू नका. प्रोग्रॅमलाच विचारा. पायथनच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोअर असलेलं ‘फाइल’ हे व्हेरिएबल असतं, ते छापा. नोडच्या कॉमनजेएस मॉड्यूलमध्ये तसंच ‘फाइलनेम’ आहे, त्याला दुहेरी अंडरस्कोअर फक्त सुरुवातीला. जे छापून येईल ते आणि एडिटरच्या टॅबवरचा पाथ कागदावर एकाखाली एक लिहिले की कुठपर्यंतचा भाग वेगळा आणि कुठून पुढे सारखा ते डोळ्यांना दिसतं. जिथून सारखं सुरू होतं त्याच्या आधीचे दोन तुकडे म्हणजेच लोकलरूट आणि रिमोटरूट.

हीच युक्ती कंटेनर नसतानाही कामी येते. स्वतःचंच पॅकेज पिपने साधं इन्स्टॉल केलं की त्याची एक प्रत साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजच्या फोल्डरमध्ये, जाते. तुम्ही ठिपके लावता प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइलला आणि इम्पोर्ट होते ती साइट-पॅकेजेसमधली जुनी प्रत. ‘-ई’ लावून एडिटेबल इन्स्टॉल करा. सिमलिंकचंही तेच: नोड मॉड्यूल लोड करताना सिमलिंकच्या मागचा खरा पाथ घेतो, म्हणून अनेक पॅकेज एकाच रेपोत असतील तर ठिपका नोड_मॉड्यूल्सखालच्या दुव्यातून उघडलेल्या फाइलवर न लावता मूळ फाइलवर लावा.

पीएचपीवाल्यांसाठी दोन शब्द. एक्सडीबग या पीएचपीच्या डीबगरच्या ३ व्या आवृत्तीत मुळातला पोर्ट ९००० वरून ९००३ झाला, आणि डीबगिंगसाठी ‘मोड’ला ‘डीबग’ ही किंमत द्यावी लागते. जुने लेख वाचून कॉन्फिगरेशन लिहिलं असेल तर आधी हे दोन तपासा. मॅपिंगमध्ये डावीकडे सर्व्हरचा पाथ आणि उजवीकडे तुमचा, हा क्रमही उलटा पडतो तेव्हा काहीच चालत नाही.

ज्या भाषांमध्ये लिहिलेला आणि चाललेला कोड वेगळा असतो

टाइपस्क्रिप्टमध्ये तुम्ही लिहिता एक आणि चालतं दुसरं. दोघांना जोडतो सोर्स मॅप. म्हणून आधी टीएसकॉन्फिगमध्ये ‘सोर्समॅप’ चालू आहे का, आणि बिल्डच्या फोल्डरमध्ये जेएस फाइलशेजारी तिची मॅप फाइल खरंच तयार झाली आहे का ते बघा. असेल तर ती मॅप फाइल उघडा. त्यात ‘सोर्सेस’ नावाची यादी असते. तिच्यातला पाथ त्या मॅप फाइलच्या जागेपासून मोजत गेलात तर तुमच्या टीएस फाइलपर्यंत पोचतो का? बिल्डचं आउटपुट नंतर कुणी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं असेल तर पोचत नाही, आणि मग कितीही सेटिंग बदला, उपयोग नाही.

त्यानंतर लाँच.जेसनमधलं ‘आउटफाइल्स’ बघा. बिल्डचं फोल्डर त्यात बसायला हवं. नोड_मॉड्यूल्समधले सोर्स मॅप डीबगर मुळातच वाचत नाही, तिथला कोड हवा असेल तर ‘रिझॉल्व्हसोर्समॅपलोकेशन्स’ बदलावं लागतं. ब्राउझरसाठी ‘वेबरूट’ चुकीचं असणं हे नेहमीचं कारण. हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही, कारण व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये ‘डायग्नोज ब्रेकपॉइंट प्रॉब्लेम्स’ ही आज्ञा आहे. सेशन चालू असताना ती द्या. कुठली स्क्रिप्ट लोड झाली, तिचा सोर्स मॅप कुठल्या पाथकडे बोट दाखवतो आणि तुमचा ठिपका तिच्याशी का जुळत नाही, हे ती ठिपक्यागणिक सांगते. इतकी चांगली सोय फार थोड्यांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

सी आणि सी++ मध्ये कंपायलरला ‘-जी’ दिलेलं नसेल तर ओळींचा तक्ता बायनरीत नसतोच. दिलेलं असेल पण ऑप्टिमायझेशन चालू असेल तर फंक्शन इनलाइन होतं, ओळी मागेपुढे होतात, काही ओळींचा मशीन कोडच उरत नाही. ठिपका सरकतो, उड्या मारतो किंवा थांबतच नाही. डीबग करताना ‘-ओ०’ ठेवा, फार तर ‘-ओजी’. सीमेक वापरत असाल तर बिल्ड टाइप स्पष्टपणे ‘डीबग’ द्या. मेकफाइलसारख्या जनरेटरला तो दिला नाही तर मुळात रिकामा राहतो आणि ‘-जी’ लागतच नाही. कंटेनरमध्ये किंवा दुसऱ्या मशीनवर बिल्ड केलेल्या बायनरीत तिथले पाथ कोरलेले असतात. त्यासाठी सी++ च्या एक्स्टेन्शनमध्ये ‘सोर्सफाइलमॅप’, जीडीबीत ‘सब्स्टिट्यूट-पाथ’, एलएलडीबीत ‘सोर्स-मॅप’. जीडीबीच्या प्रॉम्प्टवर ‘इन्फो सोर्सेस’ दिलं की बायनरीला कुठल्या पाथच्या फाइली माहीत आहेत याची यादी मिळते. गो मध्ये ‘ट्रिमपाथ’ लावून बिल्ड केलं की पूर्ण पाथ निघून जातात, डेल्व्ह या गो च्या डीबगरसाठी ते लावू नका.

आणि जुनी बिल्ड. कोड बदलला पण बिल्ड झालीच नाही, तर ओळी दोन-चारने सरकलेल्या असतात आणि डीबगर भलत्याच जागी थांबतो. ‘प्रीलाँचटास्क’मध्ये बिल्डचं काम लावून ठेवा.

मुद्दाम वगळलेला कोड

पायथनच्या डीबगरमध्ये ‘जस्टमायकोड’ मुळातच चालू असतं. त्यामुळे साइट-पॅकेजेसमधल्या आणि स्टँडर्ड लायब्ररीतल्या ओळींवर तो थांबत नाही. लायब्ररीच्या आत शिरायचं असेल तर तेवढ्यापुरतं ते ‘फॉल्स’ करा. कायमचं बंद मात्र ठेवू नका. एकेक पाऊल टाकताना डीबगर फ्रेमवर्कच्या पोटात जाऊन हरवतो आणि वेगही कमी होतो. नोडमध्ये हेच काम ‘स्किपफाइल्स’ करतं. त्यातला एखादा नमुना जरा जास्तच व्यापक लिहिला गेला तर तुमच्याच फाइली त्याखाली येतात.

ठिपका लाल, तरीही थांबत नाही

लाल ठिपक्यावर उजवी क्लिक करून अट बघा. अटीत जे व्हेरिएबल लिहिलंय ते त्या ओळीवर अस्तित्वात असतं का? आकड्याची तुलना स्ट्रिंगशी होतेय का? ‘हिट काउंट’ लावून विसरला आहात का? दुसरा ब्रेकपॉइंट लागल्यावरच जागा होणारा ‘ट्रिगर’ प्रकार आहे का?

फंक्शनवर थांबायचं असेल तर ठिपका फंक्शनच्या नावाच्या ओळीवर न लावता आतल्या पहिल्या खऱ्या विधानावर लावा. पायथनमध्ये नावाची ओळ फाइल इम्पोर्ट होताना चालते, तिथे लावलेला ठिपका भलत्या वेळी थांबू शकतो. शिवाय निकाल कॅशमधून येत असेल किंवा आधीच्या ओळीवर अपवाद (एक्सेप्शन) उडून कुणीतरी तो गिळून टाकत असेल, तर तुमच्या ओळीवर कुणी येणारच नाही. ब्रेकपॉइंट्सच्या पॅनेलमध्ये ‘रेझ्ड एक्सेप्शन्स’ किंवा ‘कॉट एक्सेप्शन्स’वर खूण करा, अपवाद उडाला तिथेच डीबगर थांबेल.

ब्रँच बदलल्यावरही गोंधळ होतो. ठिपके पाथ आणि ओळ एवढ्यावरच साठवलेले असतात. गिटने फाइल बदलली की ठिपका जुन्याच क्रमांकावर राहतो आणि तिथे आता रिकामी ओळ किंवा टिप्पणी असू शकते. अशा वेळी सगळे ठिपके काढून नव्याने लावणं हाच उपाय.

एवढं करूनही सुटलं नाही तर लॉग

पायथनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘लॉगटूफाइल’, जावास्क्रिप्टसाठी ‘ट्रेस’, सी++ साठी ‘लॉगिंग’खालचं ‘इंजिनलॉगिंग’ चालू करा. लॉग लांबलचक येतो, पण डीबगपायच्या लॉगमध्ये ‘सेटब्रेकपॉइंट्स’ एवढंच शोधायचं. विनंतीत एडिटरने पाठवलेला पाथ असतो, आणि तिच्या उत्तरात प्रत्येक ठिपक्यापुढे ‘व्हेरिफाइड: फॉल्स’ किंवा ‘ट्रू’, सोबत संदेश. विनंतीतला पाथ वाचला की पुष्कळदा तिथेच कळतं: ड्राइव्हचं अक्षर एकीकडे लहान आणि एकीकडे मोठं, किंवा मध्येच नको असलेलं फोल्डर. ही विनंती लॉगमध्ये मुळीच दिसली नाही तर तुमच्या लाँच.जेसनमधलं भलतंच कॉन्फिगरेशन निवडलेलं असण्याची शक्यता मोठी.

कारण सापडलं की दुरुस्ती तुमच्या मशीनपुरती ठेवू नका. लाँच.जेसन आणि टास्क्स.जेसन रेपोत टाका, आणि लोकलरूट का असा आहे हे तिथेच टिप्पणीत लिहा. व्हीएस कोडला लाँच.जेसनमधल्या टिप्पण्या चालतात. डीबग बिल्ड आणि रिलीज बिल्ड वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे एकाचे अवशेष दुसऱ्यात शिरत नाहीत.

कुणाला मदत मागायची वेळ आली तर ‘ब्रेकपॉइंट चालत नाही’ एवढंच लिहू नका. सेशन चालू असताना ठिपक्याचा रंग कोणता होता, माउस नेल्यावर कोणता संदेश दिसला, हाताने लिहिलेल्या थांब्यावर काय झालं, प्रोग्रॅमने स्वतःचा पाथ काय छापला, लाँच.जेसनमधलं ते कॉन्फिगरेशन, आणि लॉगमधला ‘सेटब्रेकपॉइंट्स’चा प्रश्न व उत्तर, एवढं द्या.